आधी बाकीचे

१९१६ सालच्या पहिल्या सहा महिन्यांत इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यात, मेक्सबरो गावच्या एका खाणकामगाराच्या घरावर दोन आघात झाले आणि दोन्ही जमिनीच्या पोटातून आले. जानेवारीत चौदा वर्षांचा मुलगा आर्थर हा मॅन्व्हर्स मेन नावाच्या कोळसा खाणीत अपघातात सापडला आणि त्याचा एक पाय कापावा लागला. जूनमध्ये त्याचा बाप विल्यम हॅकेट फ्रान्समधल्या जिव्हाँशी गावाजवळ, आघाडीखालच्या एका भुयारात गाडला गेला. बापाला व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिश सैन्यातलं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, तेही मरणोत्तर. मुलाच्या वाट्याला जन्मभराचं अपंगत्व आलं. इतिहास लिहिणारे या दोन घटना दोन निरनिराळ्या वह्यांमध्ये नोंदवतात. बापाची नोंद युद्धाच्या वहीत होते, मुलाची फार तर औद्योगिक अपघातांच्या. माझं म्हणणं असं, की ही वही एकच आहे. हॅकेटने भुयारात जे केलं ते त्याला सैन्याने शिकवलेलं नव्हतं. ते तो खाणीतून घेऊन गेला होता. आणि ते ज्या जगात शिकला, त्याच जगाने त्याच्या मुलाचा पाय घेतला. हे ध्यानात घेतलं नाही, तर हॅकेटचं शौर्यही नीट कळत नाही आणि त्या घराने काय किंमत मोजली तेही कळत नाही.

विल्यम हॅकेट १८७३ साली नॉटिंगहॅमच्या स्नेंटन या कामगार वस्तीत जन्मला. शाळेचा संबंध जवळजवळ आलाच नाही. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि पुढे आघाडीवरून घरी जाणारी पत्रंही तो सोबत्याकडून लिहून घ्यायचा. नॉटिंगहॅमशर, डर्बीशर आणि मग यॉर्कशर असा कोळशाच्या थरामागून सरकत जाणारा त्याचा प्रवास होता. सैन्यात जाण्यापूर्वी त्याची जवळजवळ दोन तपं खाणीत गेली. १९०० साली कॉनिसबरोच्या चर्चमध्ये ॲलिस टूबीशी त्याचं लग्न झालं. आर्थर आणि मेरी ही त्यांची दोन मुलं. डॉन नदीच्या या खोऱ्यात डेनबी, केडबी, मेक्सबरो, कॉनिसबरो ही सगळी गावं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर, आणि सगळ्यांची चूल कोळशावर. चंद्रपूर, बल्लारपूर किंवा वणीकडच्या वाचकाला अशी वस्ती समजावून सांगायला नको. खाणीचा भोंगा हेच तिथलं घड्याळ असतं. त्या काळी इंग्लंडातल्या खाणींवर अंघोळीची सोय अपवादानेच असे. त्यामुळे कामगार काळाकुट्ट होऊन घरी येई. पाणी तापवणं, पत्र्याचा टब चुलीपुढे मांडणं, कोळशाने ताठरलेले कपडे झटकणं, धुणं, पुन्हा वाळवणं, हे सगळं बायकोच्या अंगावर. बाप एका पाळीला आणि मुलगा दुसऱ्या पाळीला असला, म्हणजे तिचा दिवस दोनदा उगवायचा. खाणकामगाराचं कुटुंब हा खाणीचाच एक विभाग होता. फक्त त्या विभागाला पगार नव्हता.

घर बहुधा कंपनीचं असे, आणि त्याचा अर्थ काय होतो ते डेनबीच्या लोकांनी १९०३ च्या जानेवारीत पाहिलं. कोळशाच्या थरात मातीचा एक निरुपयोगी पट्टा होता. तो खणून बाजूला काढण्याचे पैसे कामगारांना मिळत नसत. त्यावरून १९०२ साली डेनबी आणि केडबीच्या खाणींत संप सुरू झाला, आणि ऐन हिवाळ्यात कंपनीने शेकडो कुटुंबांना पोलिसांकरवी घराबाहेर काढलं. लोक तंबूंत राहिले, चर्चच्या दालनांत राहिले, शेजारच्या गावांत ज्यांची घरं शाबूत होती त्यांच्या ओसरीवर राहिले. हा प्रसंग मुद्दाम सांगितला, कारण पुढे ज्या गोष्टीला सैन्याने ‘शौर्य’ म्हटलं, तिचं हे रोजच्या व्यवहारातलं रूप आहे. आपला माणूस उघड्यावर पडला की त्याला आत घ्यायचं, मग आपल्या घरात जागा असो वा नसो.

खाणीतल्या मरणाचा हिशोब नीट समजून घ्यायला हवा. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या वर्षांत ब्रिटनच्या कोळसा खाणींत दर वर्षी हजाराहून अधिक माणसं मरत. जखमींचा आकडा वर्षाला लाखाच्या पुढे असे. १९१३ साली वेल्समधल्या सेंगेनिथला एकाच स्फोटात ४३९ कामगार गेले, तेव्हा सगळा देश हळहळला. पण बहुतेक माणसं अशा मोठ्या स्फोटांत मरत नसत. इथे छताचा दगड सुटला, तिथे कोळशाच्या डब्याखाली कुणी सापडला, कुठे टेकू सरकला, अशी ती एकेक-दोनदोन करून मरत आणि कामाच्या दर दिवसाला सरासरी तीन-चार प्रेतं वर येत. वर्तमानपत्रात त्याची चार ओळींची बातमी व्हायची. मुलांनाही यातून सुटका नव्हती. १९११ च्या कायद्याने खाणीखाली उतरण्याचं किमान वय १४ वर्षं ठरवलं, आणि तीच त्या वेळी सुधारणा मानली गेली. आर्थर जखमी झाला तेव्हा नेमका चौदा वर्षांचा होता.

या हिशोबात एक तारीख मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे ९ जुलै १९१२. त्या पहाटे केडबीच्या खाणीत स्फोट झाला आणि ३५ माणसं मेली. राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी त्या दिवसांत याच भागाच्या दौऱ्यावर होते. त्यानिमित्त अनेकांनी सुटी घेतल्याने खाणीत नेहमीपेक्षा कमी माणसं होती, एरवी आकडा कितीतरी वाढला असता. स्फोटाची खबर लागताच शोधपथकं खाली उतरली. त्यांत कामगार होते, अधिकारी होते, सरकारी खाण निरीक्षक होते. त्याच सकाळी दुसरा स्फोट झाला आणि वाचवायला गेलेली ५३ माणसं मेली. नंतर दगावलेले धरून एकूण मृत ९१. पहिल्या स्फोटात जेवढी गेली त्याहून जास्त माणसं इतरांना काढायला जाऊन गेली. त्या संध्याकाळी राजा-राणी खाणीच्या तोंडाशी आले, बायका-मुलांच्या गर्दीत उभे राहिले. हॅकेट ज्या खोऱ्यात राहत होता त्याच खोऱ्यातली, त्याच्या गावापासून पायी जाण्याच्या अंतरावरची ही घटना. स्फोट झालेल्या खाणीत दुसरा स्फोट होण्याचा धोका असतो, हे खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी ते उतरले. हॅकेटच्या १९१६ मधल्या वागण्याचं मूळ शोधायचं तर ते इथे सापडतं.

आता युद्धाकडे. आणि इथे आपल्याकडच्या माणसांचा खरा, दुःखद संबंध येतो. १९१४ च्या हिवाळ्यात पश्चिम आघाडी खंदकांत रुतून बसली होती. जिव्हाँशी आणि फेस्तुबेर या गावांसमोरचा पट्टा हिंदी सैन्याच्या लाहोर डिव्हिजनमधल्या सरहिंद ब्रिगेडकडे होता. २० डिसेंबरला जर्मनांनी खंदकांच्या खालपर्यंत भुयारं नेऊन तिथे पेरलेले दहा सुरुंग एकदम उडवले. पायाखालची जमीनच फुटते म्हटल्यावर, थंडीने आणि चिखलाने आधीच खचलेल्या त्या पलटणींची काय दशा झाली असेल ते सांगायला नको. याच लाहोर डिव्हिजनबरोबर आपल्या पुण्याजवळच्या खडकीतून गेलेल्या सॅपर्स अँड मायनर्सच्या दोन कंपन्या होत्या. त्या दलात मराठी शिपायांची भरती होत असे. ऑक्टोबरात जवळच्याच नव्ह शापेल इथे, पायदळाचं काम करायची वेळ आल्यावर, या कंपन्यांनी जबर हानी सोसली होती. नव्ह शापेलच्या हिंदी स्मारकावर आज ४,७०० हून अधिक नावं कोरलेली आहेत. सुरुंग, खंदक, तट फोडणं हे खडकीच्या दलाच्या नावातच असलेलं काम. पण जमिनीखाली मैल-मैल भुयारं खणून लढण्याचं जे नवं युद्ध आता सुरू झालं होतं, त्याला सुरुंगाचं शास्त्र जाणणारा शिपाई पुरेसा नव्हता. त्याला अंधारात आयुष्य काढलेला माणूस हवा होता.

ही गरज ओळखली जॉन नॉर्टन-ग्रिफिथ्स या कंत्राटदार खासदाराने. मँचेस्टरखाली गटारांची भुयारं खणणाऱ्या आपल्या कामगारांतून त्याने पहिली तुकडी उचलली. फेब्रुवारी १९१५ मध्ये कालपर्यंत गटारात काम करणारी माणसं गणवेश चढवून अवघ्या काही दिवसांत फ्रान्समध्ये, त्याच जिव्हाँशीच्या परिसरात, भुयारं खणू लागली. त्यांची पद्धत अशी: लाकडी फळीच्या आडव्या-उभ्या चौकटीला पाठ टेकून माणूस तिरपा बसायचा आणि दोन्ही पायांनी अरुंद फावडं चिकणमातीत रेटायचा. मागचा ती माती पोत्यात भरायचा आणि तिसरा पोती बाहेर ओढायचा. कुदळीचा घाव नाही, ठोकणं नाही, आवाज नाही. कारण पलीकडे शत्रूही कान लावून बसलेला. थोड्याच काळात या कामासाठी देशभरातल्या कोळसा खाणींतून भरती सुरू झाली. पायदळातल्या शिपायाला दिवसाला एक शिलिंग मिळे, कुशल भुयारी कामगाराला सहा. १९१६ च्या मध्यापर्यंत सैन्याच्या अशा भुयारी कंपन्यांत सुमारे २५,००० माणसं होती. खाणीतली किती साधनं या युद्धात जशीच्या तशी आली तेही पाहण्यासारखं आहे. विषारी वायू ओळखायला पिंजऱ्यातले कॅनरी पक्षी आले. कोंडलेल्यांना काढायला जाताना तोंडाला लावायचं प्राणवायूचं उपकरण आलं. छताच्या कुरकुरण्यावरून ते कधी बसणार हे ओळखणारे कान आले. आणि त्याबरोबर मागे कुणाला न सोडण्याची सवयही आली.

हॅकेटचं वय युद्ध सुरू झालं तेव्हा ४१. यॉर्क अँड लँकास्टर रेजिमेंटने त्याला तीनदा परत पाठवलं, म्हातारा झालास म्हणून. ऑक्टोबर १९१५ मध्ये भुयारी कंपन्यांनी मात्र त्याला घेतलं, कारण त्यांना तरुण छाती नको होती, मुरलेले हात हवे होते. दोन आठवड्यांच्या जुजबी प्रशिक्षणानंतर तो फ्रान्सला गेला. बाकीचं शिक्षण त्याचं झालेलंच होतं. तो का गेला? पैशासाठी, देशासाठी, की सगळे गेले म्हणून? युद्धाच्या पहिल्याच वर्षात ब्रिटनच्या सुमारे अकरा लाख कोळसा कामगारांपैकी दोन लाखांहून अधिक सैन्यात गेले होते. इतके, की कोळशाची टंचाई होईल म्हणून सरकारला काळजी पडली. पंचेचाळिशीकडे झुकलेला, बायको आणि दोन मुलं असलेला माणूस तीनदा नकार मिळूनही चौथ्यांदा दाराशी उभा राहतो, तेव्हा त्यात निव्वळ मजुरीचा हिशोब नसतो. आणि निव्वळ देशप्रेमही नसतं, असं मला वाटतं. ज्या वस्तीत सगळी कामं जोडीने, गटाने होतात, तिथे सगळे निघाले असताना मागे राहणं हीच अवघड गोष्ट असते. तो गेला, आणि तीन महिन्यांच्या आत आर्थरच्या अपघाताची बातमी फ्रान्सला पोचली. बाप बंदुकीच्या टप्प्यात आणि मुलगा घराजवळ, असं असताना पाय गेला तो मुलाचा.

२२ जून १९१६ च्या पहाटे, तीनला काही मिनिटं कमी असताना, जर्मनांनी जिव्हाँशीखाली एक प्रचंड सुरुंग उडवला. वर रॉयल वेल्श फ्युझिलियर्सची एक कंपनी जवळजवळ नाहीशी झाली. खाली शाफ्ट्सबरी या नावाच्या विहिरीतून निघालेल्या भुयारात हॅकेट आणि आणखी चौघे काम करत होते. भुयार खचलं आणि पाचही जण कोंडले गेले. बाहेरून सुटकेची तुकडी खणू लागली, आतून हे खणू लागले. वीस तासांच्या कामानंतर माती आणि मोडक्या लाकडांतून एक भोक पडलं. तिघे त्यातून बाहेर पडले, हॅकेटने त्यांना हात देऊन बाहेर काढलं. पाचवा, थॉमस कॉलिन्स, वेल्श रेजिमेंटच्या चौदाव्या बटालियनचा स्वान्सीकडचा तरुण शिपाई, गंभीर जखमी होता. त्याला त्या भोकातून ओढून नेणं शक्य नव्हतं. हॅकेटला बाहेर येणं सहज शक्य होतं, तो आला नाही. आपण भुयारी कामगार आहोत, आधी बाकीच्यांचं पाहायला हवं, अशा अर्थाचं त्याचं उत्तर पदकाच्या अधिकृत नोंदीत आहे. भोक हळूहळू बुजत गेलं, मग भुयारच बसलं. सुटकेची तुकडी चार दिवस खणत होती. ते दोघे सापडले नाहीत.

इथे पहिली शंका कुणीही घेईल. ही सगळी हकीकत सरकारी प्रशस्तिपत्रातून आलेली आहे. फ्रान्समधल्या सोम इथली मोठी लढाई आठवड्यावर आली होती, देशाला शूरांची गरज होती, आणि सरकारी कागदावरचे शेवटचे उद्गार नेहमीच जरा जास्त घोटीव असतात. शंका रास्त आहे. शब्द अगदी तेच असतील असा हट्ट मी धरणार नाही. पण आतून सुटलेले तीन साक्षीदार होते, बाहेर खणणारी माणसं होती, आणि मुख्य म्हणजे त्या उत्तरात जे नाही ते बोलकं आहे. त्यात राजा नाही, देश नाही, पलटणीची इभ्रतही नाही. आहे तो फक्त धंदा: मी या कामातला आहे, म्हणून मी शेवटी निघणार. प्रचारासाठी कुणी वाक्य बनवलं असतं तर त्यात झेंडा आला असता. त्याच नोंदीत आणखी एक गोष्ट आहे. सरकत्या मातीचा स्वभाव हॅकेटला पक्का ठाऊक होता आणि आपण वाचण्याचा संभव किती कमी आहे हेही कळत होतं, असं तिच्यात म्हटलं आहे. म्हणजे सैन्यानेच नकळत कबुली दिली, की इथे आवेश नव्हता, ज्ञान होतं. नवशिका शिपाई कदाचित न कळल्यामुळे थांबला असता. हा सगळं कळून थांबला.

दुसरी शंका अधिक अवघड आहे. खाणकामगार म्हणजे जन्मजात एकमेकांसाठी जीव देणारी माणसं, अशी भाबडी मूर्ती आपण घडवत नाही ना? खाणीतही भित्री माणसं असत, स्वार्थी असत, दारूडी असत, संप फोडणारीही असत. अर्थात असत. म्हणूनच मी हॅकेटच्या स्वभावाविषयी बोलत नाही, धंद्याच्या रीतीविषयी बोलतो आहे. जिथे प्रत्येकाचं छत शेजाऱ्याने ठोकलेल्या टेकूवर तोललेलं असतं, तिथे ‘मी माझं बघतो’ हे तत्त्व चालवणारा माणूस फार दिवस जगत नाही आणि इतरांनाही जगू देत नाही. म्हणून कुणी कोंडला तर खणायचं, आणि तो जिवंत नसेल तरी त्याचं शरीर वर येईपर्यंत खणायचं, ही रीत तयार झाली. ती भल्या माणसांनी निर्माण केली असं नाही. त्या जागेची ती गरज होती, आणि पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेल्याने तिच्यात भलेपणा उतरला. केडबीत खाली उतरलेल्या त्या सगळ्यांचे स्वभाव सारखे थोडेच असणार! रीत सारखी होती.

मात्र या रीतीला एक कुंपण होतं आणि ते लपवून उपयोग नाही. जिव्हाँशीखाली हॅकेटच्या भुयारासमोर चिकणमातीच्या भिंतीपलीकडे जी जर्मन माणसं खणत होती, त्यांतही खाणींतून आलेले कामगार होते. तीच पाळी, तोच काळोख, तीच छताची भीती त्यांचीही. आणि या भुयारी युद्धाचं उद्दिष्टच असं, की पलीकडची चाहूल लागली की लहान सुरुंग पेरून त्यांचं भुयार त्यांच्या अंगावर पाडायचं. खाणीत ज्या प्रसंगी माणसं धावून गेली असती, तोच प्रसंग इथे हेतुपुरस्सर घडवून आणायचा. दोन्ही बाजूंनी हे केलं. पुढच्या वर्षी, ७ जून १९१७ रोजी, मेसिनला ब्रिटिशांनी एकोणीस महासुरुंग उडवले आणि जर्मन खंदकच्या खंदक माणसांसह उखडले. तेव्हा हॅकेटच्या कृतीतून युद्धाची काही थोरवी सिद्ध होते असं कुणी म्हटलं, तर ते मला मान्य नाही. युद्धाने खाणकामगारांचं कसब घेतलं, त्यांची एकमेकांवरची निष्ठा घेतली, आणि ती अर्ध्यातून कापून वापरली. भिंतीच्या अलीकडच्याला वाचवायचं, पलीकडच्याला गाडायचं. त्या कापलेल्या अर्ध्या भागातही हॅकेट पूर्णपणे खाणीचाच राहिला, एवढंच मी म्हणतो, आणि मला ते पुरेसं मोठं वाटतं.

उरतो तो आक्षेप घराकडून येणारा, आणि त्याच्यापुढे मान झुकवावी लागते. घरी बायको होती, एक पाय गमावलेला मुलगा होता, लहान मुलगी होती. कॉलिन्स वाचण्याची शक्यता फार थोडी होती. मग त्याच्याजवळ थांबून हॅकेटने कुणाचं भलं केलं? एका अनोळखी तरुणाच्या शेवटच्या तासांसाठी ॲलिसचं उरलेलं आयुष्य खर्ची घालण्याचा अधिकार त्याला कुणी दिला? या प्रश्नाला एक उत्तर असं देता येतं, की ही रीतच घरांना जगवत होती. मेक्सबरोतली प्रत्येक बाई सकाळी नवऱ्याला पाठवताना याच भरवशावर पाठवायची, की काही झालंच तर दुसऱ्या कुणाचा तरी नवरा त्याला सोडून निघून येणार नाही. कॉलिन्सच्या घरच्यांनाही हॅकेटच्या घरच्यांइतकाच तो भरवसा असण्याचा हक्क होता. प्रत्येकाने आपापल्या घराकडे पाहून निघून जायचं ठरवलं असतं, तर कुणाचंच घर सुरक्षित राहिलं नसतं. हे उत्तर मला पटतं. पण ते पूर्ण नाही. कारण या रीतीचा करार पुरुषांनी आपसांत केलेला होता आणि त्याची परतफेड बायकांनी करायची होती. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. हॅकेट बरोबर वागला असं म्हणणाऱ्याने, ॲलिसवर अन्याय झाला हेही त्याच दमात म्हटलं पाहिजे. एकाने दुसरं खोटं ठरत नाही.

२९ नोव्हेंबर १९१६ रोजी बकिंगहॅम राजवाड्यात ॲलिसने नवऱ्याचं पदक स्वीकारलं. देणारा पाचवा जॉर्ज, म्हणजे चार वर्षांपूर्वी केडबीच्या तोंडाशी विधवांच्या गर्दीत उभा राहिलेला तोच राजा. भुयारी कंपन्यांच्या माणसाला भुयारातल्या कामासाठी मिळालेला हा एकमेव व्हिक्टोरिया क्रॉस. खाणीतल्या शौर्याची कदर होतच नव्हती, असं मात्र नाही. १९०७ सालापासून खाणींत जीव वाचवणाऱ्यांसाठी एडवर्ड मेडल होतं, आणि केडबीतल्या काहींना ते मिळालंही. पण त्याचा खर्च सरकारी तिजोरीतून होत नसे, तो दानशूर मंडळींनी उभारलेल्या निधीतून होई. देशासाठी भुयारात मेलेला माणूस देशाच्या खर्चाने गौरवला जायचा आणि देशाच्या कोळशासाठी मेलेला वर्गणीतून. आणि आर्थरसारख्याचं काय? १८९७ आणि १९०६ च्या कायद्यांनी जखमी कामगाराला भरपाई ठरवून दिली होती. ती साधारणतः त्याच्या आठवड्याच्या मजुरीच्या निम्म्याच्या हिशोबाने मिळे. पोराची मजुरी ती केवढी! १९१६ सालचा ब्रिटिश कोळसा ब्रिटिश तोफांइतकाच युद्धात लढत होता. जहाजं त्यावर चालत, पोलाद त्यावर वितळे, बारुदाचे कारखाने त्यावर जळत. चौदा वर्षांचा आर्थर तो कोळसा काढणाऱ्यांत होता. त्याचा पाय त्या युद्धाच्या खर्चात का धरू नये, याचं समाधानकारक कारण मला कुठे सापडत नाही.

केडबीत वर आणलेल्यांपैकी अनेकांची थडगी डेनबीच्या दफनभूमीत आहेत. तिथे जाऊन फूल ठेवता येतं. जिव्हाँशीत चार दिवस खणून थांबावं लागलं. २४ जूनपासूनच सोमच्या आघाडीवर तोफांचा भडिमार सुरू झाला होता आणि भुयारी कामगार सगळीकडेच हवे होते. हॅकेटचं नाव बेल्जियममधल्या प्लूगस्टर्टच्या स्मारकावर, ज्यांना थडगं नाही अशांच्या यादीत आहे. त्याचं पदक गिलिंगहॅमला रॉयल इंजिनियर्सच्या संग्रहालयात आहे. १९ जून २०१० रोजी जिव्हाँशीला, त्या भुयाराजवळ, सर्व भुयारी कामगारांचं स्मारक उभं राहिलं. जमिनीखाली सुमारे १२ मीटरवर हॅकेट आणि कॉलिन्स अजून आहेत. मॅन्व्हर्स मेन खाण १९८८ साली बंद झाली. तिच्या आवारात आता कार्यालयांच्या इमारती आहेत आणि एक तळं आहे.